घराची चावी एजंटच्या हाती देण्याआधी: जुना फ्लॅट विकणाऱ्यांसाठी

आई-बाबा गेल्यावर त्यांचा सिंहगड रस्त्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचं भावानं आणि मी ठरवलं, तेव्हा वाटलं होतं की ओळखीच्या दोन-तीन एजंटच्या कानावर घातलं की झालं. महिन्याभरात तो फ्लॅट सात एजंटकडे पोचला. चावी सोसायटीच्या वॉचमनकडे, येईल तो घर दाखवून जायचा. पाचव्या महिन्यात तोच फ्लॅट तीन वेबसाइटवर तीन वेगळ्या किमतींना झळकत होता आणि एका जाहिरातीत तर फोटो भलत्याच घराचे होते. शेवटी एका कुटुंबाला घर आवडलं, बोलणी टोकनपर्यंत आली आणि दोन एजंट समोर उभे राहिले. दोघांचंही म्हणणं एकच, "हे गिऱ्हाईक माझं आहे." त्या वादाला कंटाळून कुटुंबानंच माघार घेतली.

मग न्यू जर्सीत राहणाऱ्या भावानं त्याचं तिथलं घर विकताना केलेला करार मला पाठवला. अमेरिकेत मालक आणि एजंट यांच्यात 'लिस्टिंग अ‍ॅग्रीमेंट' झाल्याशिवाय घर सहसा बाजारात येतच नाही. तो वाचून मी दीड पानाचा साधा मराठी करार तयार केला, वकिलांना दाखवला आणि एकाच एजंटबरोबर सही केली. अकरा आठवड्यांत साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, झालं. त्या दीड पानात काय होतं आणि का होतं, ते इथे सांगते. माझा अनुभव पुण्याचा आहे, पण ठाणे, नाशिक, नागपूर इथे जुना फ्लॅट विकणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

१. एजंट नेमका कोणासाठी काम करतो?

आपल्याकडे एजंट दलाली दोन्हीकडून घेतो. पुण्यात जुन्या फ्लॅटच्या विक्रीत साधारण एक ते दोन टक्के विकणाऱ्याकडून आणि तेवढेच घेणाऱ्याकडून, असा रिवाज आहे. त्यात बेकायदा काही नाही. पण जो माणूस घेणाऱ्याकडूनही पैसे घेणार आहे, त्याला "शेवटी किती कमी करता येतील" हा आपला आकडा पहिल्याच भेटीत सांगू नका. मी सांगितला होता. पुढच्या प्रत्येक ग्राहकाची बोली बरोब्बर त्याच आकड्यावर यायला लागली.

तेव्हा पहिल्या भेटीतच सरळ विचारा: "या व्यवहारात तुम्ही समोरच्याकडूनही दलाली घेणार का? किती?" चांगला एजंट न अडखळता सांगतो. जो म्हणतो, "ते तुम्ही कशाला विचारता, तुमचं काम झालं की बास," त्याच्याकडे मी पुन्हा गेले नाही.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. भारतीय करार कायदा, १८७२ यात एजन्सीवर अख्खं प्रकरण आहे. तुमच्या सूचनेप्रमाणे वागणं आणि मागाल तेव्हा हिशेब देणं ही एजंटची जबाबदारी आहे. त्यानं तुम्हाला अंधारात ठेवून तुमचं घर स्वतःच, किंवा स्वतःसाठी दुसऱ्याच्या नावावर घेतलं, तर कलम २१५ आणि २१६ तुमच्या बाजूनं उभी राहतात.

२. नोंदणी तपासा

महारेरा म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण. त्याच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटची यादी कुणालाही पाहता येते. नोंदणी क्रमांक इंग्रजी 'ए' अक्षरानं सुरू होतो. क्रमांक टाकून नाव आणि पत्ता जुळतो का ते बघा, आणि नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा. नोंदणी पाच वर्षांची असते. १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीसाठी आणि नूतनीकरणासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. तेही मागा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुष्कळांचा गोंधळ होतो. एजंटच्या नोंदणीची कायदेशीर सक्ती आहे ती महारेराकडे नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या घरांच्या व्यवहारासाठी. आमची इमारत १९९८ची. अशा जुन्या इमारतीतला फ्लॅट विकणाऱ्या एजंटकडे नोंदणी नसली, तर तेवढ्यावरून त्यानं कायदा मोडला असं होत नाही. तरीही मी नोंदणी असलेलाच एजंट निवडला. ज्याला स्वतःचा परवाना टिकवायचा आहे, तो कागदावर सही करायला कचरत नाही, एवढं माझ्या सातही एजंटच्या अनुभवातून लक्षात आलं होतं.

३. किंमत आधी स्वतः काढा

एजंटला "किती येतील?" असं विचारायच्या आधी एक संध्याकाळ खर्च करा. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेवरच्या नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण म्हणतो ती इंडेक्स टू, दिसते. तिच्यात 'मोबदला' या रकान्यात व्यवहाराची रक्कम असते आणि 'बाजारभाव' या रकान्यात सरकारी दरानं काढलेलं मूल्य. आपल्याच सोसायटीतले आणि शेजारच्या सोसायटीतले गेल्या दोन वर्षांतले व्यवहार काढा. वेबसाइटवर दिसते ती मागणी. लोकांनी प्रत्यक्षात किती मोजले ते कळतं इंडेक्स टूवरून.

क्षेत्रफळही मूळ करारनाम्यातून काढा. जुन्या करारनाम्यात बहुधा बिल्टअप (भिंतींसकट) लिहिलेलं असतं, एजंट जाहिरातीत सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटाही धरून) टाकतो आणि हल्लीचा ग्राहक कार्पेट (भिंतींच्या आतलं) विचारतो. तिन्ही आकड्यांची गल्लत झाली की बैठकीत विश्वास उडतो. आम्ही टेप घेऊन कार्पेट मोजलं आणि जाहिरातीत तेच द्यायला लावलं.

४. कराराचे प्रकार

खुला व्यवहार: अनेक एजंट, कागद नाही, ज्याचा ग्राहक घेईल त्याला दलाली. आपल्याकडे सर्रास चालतो तो हाच. मालकाला वाटतं, जितके जास्त एजंट तितके जास्त ग्राहक. प्रत्यक्षात कुणीच जीव तोडून काम करत नाही, कारण मेहनत एकाची आणि दलाली दुसऱ्याची, ही भीती प्रत्येकालाच असते. फोटो मोबाइलवर घाईघाईत काढलेले, जाहिरात दुसऱ्याची उचललेली.

एकाच एजंटला काम: याला एजंट 'एक्सक्लुझिव्ह मँडेट' म्हणतात. ठराविक मुदतीसाठी फक्त तोच. यातही दोन तऱ्हा आहेत आणि फरक मोठा आहे. एकीत, तुम्ही स्वतः ग्राहक आणला तरी एजंटला दलाली द्यावीच लागते. भावाचा अमेरिकेतला करार असाच होता, तिथे त्याला 'एक्सक्लुझिव्ह राइट टू सेल' म्हणतात. दुसरीत, दुसरा एजंट नेमायचा नाही, पण मालकानं स्वतः ग्राहक शोधला तर दलाली नाही. आपल्याकडे घरं पुष्कळदा शेजारीपाजारी आणि नात्यागोत्यात विकली जातात. वरच्या मजल्यावरच्या काकांनाच मुलासाठी फ्लॅट हवा असतो. म्हणून मी दुसरी तऱ्हा घेतली आणि तुम्हालाही तीच सुचवते.

निव्वळ किमतीचा व्यवहार: "तुमच्या हातात ऐंशी लाख, वरचे माझे." ऐकायला सोपं वाटतं. याला अजिबात हो म्हणू नका. एजंटनं फ्लॅट ८६ लाखांना विकला तर त्याची दलाली झाली ६ लाख. म्हणजे तुमच्या ऐंशीच्या साडेसात टक्के! शिवाय दस्तावर कोणता आकडा येणार? ८६ आला तर तुमचा भांडवली नफा ८६ वर मोजणार आणि वरच्या ६ लाखांची पावती तुमच्याकडे नसणार. ८० आला तर ६ लाख रोखीत फिरणार आणि दस्तावर खोट्या रकमेखाली सही तुमची असणार. दोन्हीकडून मालकच अडकतो.

५. करारात काय लिहायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. करार मराठीत असला तरी चालतो, आणि दोघांनाही नीट कळतो हा फायदा. सगळ्या मालकांची नावं आणि सह्या हव्यात. एका मालकानं परस्पर एजंटला शब्द दिला की पुढे भावंडांत कटकट होते.

मुदत. मी तीन महिने दिले. एजंट सहा महिने किंवा वर्ष मागतात. करारात मुदत ठरवली आणि सबळ कारण नसताना मध्येच काम काढून घेतलं, तर करार कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे एजंटला भरपाई मागता येते. तेव्हा मुदत लहान घ्या, पटलं तर वाढवा. "मुदत आपोआप वाढेल" असं वाक्य मसुद्यात असेल तर खोडा. आणि "दोन्हीपैकी कोणीही १५ दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवू शकेल" हे वाक्य घाला. माझ्या एजंटनं त्यावर एक अट घातली की सूचनेच्या वेळी चालू असलेली बोलणी पूर्ण होऊ द्यावीत. ती रास्त वाटली, मी मानली.

दलाली किती आणि कशावर. "एक टक्का" एवढं पुरत नाही. "नोंदवलेल्या दस्तातल्या मोबदल्याच्या १ टक्का, अधिक लागू असल्यास जीएसटी" असं लिहा. दलालीवर जीएसटी १८ टक्के आहे, पण तो घेता येतो जीएसटी नोंदणी असलेल्याच एजंटला. ८० लाखांच्या घरावर १ टक्का म्हणजे ८०,००० आणि जीएसटीचे १४,४००, एकूण ९४,४००. हा आकडा आधी बोलला गेला नाही तर खरेदीखताच्या दिवशी त्या १४,४०० वरून तोंडं वाकडी होतात. जीएसटी क्रमांक करारातच लिहून घ्या.

दलाली कधी. भांडणं बहुतेक याच कलमावरून होतात. वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही, असं कलम २१९ सांगतं. पण 'काम पूर्ण' म्हणजे काय? एजंट म्हणतो, "ग्राहक आणून दिला, माझं काम झालं." मालक म्हणतो, "पैसे कुठे आलेत अजून?" म्हणून कामाची व्याख्याच करारात लिहा. मी लिहिलं होतं: टोकनवर काही नाही, साठेखत नोंदवल्यावर निम्मी, खरेदीखत होऊन पूर्ण रक्कम मालकांच्या खात्यात जमा झाल्यावर उरलेली निम्मी. ग्राहकाचं कर्ज नामंजूर होऊन व्यवहार मोडला तर पुढची निम्मी लागू नाही.

दाखवलेल्या ग्राहकांची यादी. ही कल्पना मी भावाच्या करारातून उचलली आणि सगळ्यात जास्त उपयोगी हीच ठरली. मुदत संपल्यावर, एजंटनं आधी घर दाखवलेल्या माणसाशी मालकानं परस्पर व्यवहार केला तर त्या एजंटवर अन्याय होतो. त्याचं हे संरक्षण रास्त आहे. पण त्याला चौकट हवी. आमचं असं ठरलं: दर रविवारी एजंटनं त्या आठवड्यात घर पाहिलेल्यांची नावं आणि तारखा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायच्या, त्या यादीतल्या माणसाशी, मुदत संपल्यापासून ६० दिवसांच्या आत व्यवहार झाला तरच दलाली. यादीत नाव नसेल तर हक्क नाही. माझे दोन एजंट एकाच गिऱ्हाइकावर भांडले होते, तेव्हा अशी यादी असती तर प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता.

जाहिरात. किंमत, क्षेत्रफळ आणि फोटो मालकानं व्हॉट्सअ‍ॅपवर मान्य केल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. करार संपला की सात दिवसांत सगळ्या जाहिराती उतरवायच्या. जाहिरातीचा खर्च एजंटचा, हेही लिहा. नाहीतर 'प्रीमियम लिस्टिंग'चं बिल येतं.

अधिकार. "एजंटला मालकाच्या वतीनं टोकन स्वीकारण्याचा, पावती देण्याचा किंवा कोणत्याही कागदावर सही करण्याचा अधिकार नाही." हे वाक्य जसंच्या तसं घ्या.

करारात मागणीची किंमत लिहा. मनातली सर्वांत कमी किंमत लिहू नका.

६. कागदपत्रं

एजंट नेमायच्या आधी ही फाइल तयार ठेवा. ती तयार नसेल तर चांगला ग्राहकही थांबत नाही.

– मूळ नोंदणीकृत करारनामा, त्याची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू
– आधीचे मालक असतील तर त्यांच्या व्यवहारांचे दस्त, साखळी न तुटता
– सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आपलं नाव चढलेलं
– सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला
– मिळकत कराची चालू वर्षाची पावती, वीजबिल
– इमारतीचं भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेली परवानगी. नसेल तर ते आधीच सांगा, लपवू नका
– कर्ज असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि बँकेत ठेवलेल्या मूळ कागदांची यादी
– घर वारशानं आलं असेल तर मृत्यू दाखले, मृत्युपत्र किंवा वारसांचे कागद, नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालं असेल तर ते. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी आली असं होत नाही

एजंटला फक्त प्रती द्या, त्याही प्रत्येक पानावर आडवं "केवळ फ्लॅट विक्रीच्या माहितीसाठी" आणि तारीख लिहून. आधार द्यायचंच झालं तर शेवटचे चार आकडे दिसतील असं मास्क केलेलं. मूळ कागद एक दिवसासाठीही नाही. "बँकेच्या वकिलांना दाखवून संध्याकाळी परत आणतो" म्हणाला तर तुम्ही स्वतः बरोबर जा.

सोसायटीच्या 'एनओसी'बद्दल, म्हणजे ना हरकत दाखल्याबद्दल: गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅट हस्तांतराला सोसायटीची एनओसी बंधनकारक नाही, पण ग्राहकाची बँक ती मागतेच. तेव्हा अर्ज लवकर करा. हस्तांतर अधिमूल्याची, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा महापालिका हद्दीत २५,००० रुपये आहे. 'विकास निधी'च्या नावाखाली लाखभर मागितले गेले तर लेखी मागणी द्या म्हणावं. ही रक्कम कोण भरणार, हेही ग्राहकाशी आधीच ठरवा.

७. चावी

चावी एकालाच, सहीची पोच घेऊन. रिकामा फ्लॅट असेल तर आधी दागिने, कागद, गॅस सिलिंडर हलवा आणि वीज चालू ठेवा, अंधारात घर कुणी घेत नाही. वॉचमनकडे वही ठेवा: कोण आलं, कुणाबरोबर, किती वाजता. रविवारच्या यादीशी ही वही ताडून पाहता येते. आम्ही घर रंगवलं नाही, फक्त बाथरूमची गळती दुरुस्त केली आणि खिडक्या धुऊन घेतल्या. आईची तुळस गॅलरीत होती, तेवढी मी घरी आणली.

८. टोकन

एका शनिवारी रात्री साडेनऊला मला एका एजंटचा फोन आला होता. "पार्टी समोर बसलीये, अकरा हजार पाठवतेय, हो म्हणा." मी हो म्हटलं. पुढचे चाळीस दिवस ती 'पार्टी' कर्जाची चौकशी करत राहिली आणि मी बाकीच्यांना नाही म्हणत राहिले. किरकोळ टोकननं घर बाजारातून बाहेर जातं. समोरच्याचं मात्र काहीच अडकत नाही.

टोकन घेताना साध्या कागदावर का होईना, पण हे लिहून घ्या: ठरलेली एकूण किंमत, टोकनची रक्कम, साठेखताची अंतिम तारीख, ग्राहक मागे फिरला तर टोकनचं काय, तुम्ही मागे फिरलात तर काय, कर्ज नाही मिळालं तर काय. शेवटच्या प्रश्नावर आम्ही पूर्ण परतावा मान्य केला, पण तीन आठवड्यांत बँकेचं मंजुरीपत्र आणायच्या अटीवर.

पैसे थेट मालकाच्या बँक खात्यात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि टोकन घेणारे असतो आपण.

९. एक मालक परदेशात असेल तर

हा टप्पा माझ्यासारख्या भावंडांसाठी आहे. पुण्यात अशी घरं आता दर इमारतीत आहेत.

मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) द्यायचं ते नातलगाला, एजंटला कदापि नाही. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल करावं लागतं (तिथल्या सरकारचं प्रमाणीकरण घ्यावं लागतं) किंवा भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावं लागतं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरावा लागतो. त्यात कोणता फ्लॅट आणि कोणते अधिकार हे नेमकं लिहा. केवळ मुखत्यारपत्राच्या जोरावर घर 'विकता' येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानंच.

करात मोठा फरक पडतो. व्यवहार ५० लाख किंवा अधिकचा असेल तर निवासी विक्रेत्याच्या हिश्श्यातून घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. अनिवासी भावाच्या हिश्श्यावर मात्र त्याहून कितीतरी जास्त कापावा लागतो, आणि प्राप्तिकर विभागाकडून कमी कपातीचा दाखला आणला नसेल तर तो व्यवहारात नफ्याऐवजी पूर्ण रकमेवर कापला जातो. दाखल्याला आठवडे लागतात. म्हणून ग्राहक ठरल्याबरोबर सीएकडे जा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी नफ्यावर १२.५ टक्के कर किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातलं कमी निवडायची मुभा निवासी व्यक्तींना आहे, अनिवासींना नाही. एकाच घराचे निम्मे-निम्मे मालक असूनही आमचा दोघांचा कर वेगळा आला तो यामुळे.

आणि एक अनिवासी मालक आहे हे ग्राहकाला एजंटमार्फत पहिल्याच दिवशी कळवा. टीडीएस कापायची जबाबदारी त्याची असते. हे साठेखताच्या आदल्या दिवशी कळलं तर तो बिथरतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

परदेशात घर विकणाऱ्या वाचकांसाठी भावानं सांगितलेली एक गोष्ट: अमेरिकेत ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले आहेत. घेणाऱ्याच्या एजंटचं कमिशन आता एमएलएस या सामायिक यादीत दाखवत नाहीत, आणि घेणाऱ्यालाही घर बघायला जाण्याआधी आपल्या एजंटशी लेखी करार करावा लागतो. तेव्हा लिस्टिंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये समोरच्या एजंटला काही देण्याचं कलम आहे का आणि ते तुम्हाला मान्य आहे का, हे सहीआधी विचारा. ते बोलून ठरवता येतं.

१०. बिनसलं तर

आधी लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल दोन्हीवर, करारातल्या कलमाचा उल्लेख करून. मग वकिलाची नोटीस. सेवेत कसूर झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. घर महारेरा नोंदणीकृत प्रकल्पातलं असेल तर महारेराकडेही तक्रार करता येते. फोनवरचं बोलणं कुठेच उपयोगी पडत नाही. म्हणून मी प्रत्येक फोननंतर दोन ओळींचा संदेश पाठवायचे: "आत्ता आपलं असं ठरलं."

११. खरेदीखताच्या दिवशी

पूर्ण रक्कम जमा झाल्याचा बँकेचा संदेश आल्यावरच दुय्यम निबंधकांपुढे शेवटची सही करा. ग्राहकाचं कर्ज असेल तर बँकेचा डिमांड ड्राफ्ट टेबलावर असू द्या. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी रिवाजानं घेणारा भरतो.

एजंटची उरलेली दलाली बँकेतून द्या आणि पक्कं बिल घ्या: दोन्ही मालकांची नावं, फ्लॅटचा पत्ता, रक्कम, एजंटचा पॅन, जीएसटी असेल तर क्रमांक. घर विकण्यासाठी झालेला खर्च म्हणून दलाली भांडवली नफ्यातून वजा होते. बिल नसेल तर सीए ती धरणार नाही. आमच्या एजंटनं बिल त्याच दिवशी दिलं, चावी मला परत केली, आणि ती मी नव्या घरमालकीणबाईंच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वेबसाइटवर शोधून पाहिलं. आमच्या फ्लॅटची एक जाहिरात अजून होती, जुन्या सात एजंटपैकी कुणाची तरी. ती उतरवायला आणखी नऊ दिवस आणि चार फोन लागले, कारण त्याच्याशी माझा कागद नव्हता.